मातृवंशाचा डीएनए आणि सीमाभागातील मिश्र वंश : काय कळते, काय कळत नाही

वेणुग्राम

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील बऱ्याच घरांत अलीकडे लाळेचा नमुना पाठवून डीएनए तपासून घेतला जातो. अहवाल हाती आला, की त्यातील एखादी ओळ नातेवाइकांच्या गटात फिरू लागते आणि 'आपला मातृवंश अमुक निघाला, म्हणजे आपण मूळचे अमुक' असा निष्कर्ष त्याच संध्याकाळी पक्का होतो. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. असे अहवाल घेऊन विद्यार्थी आणि त्यांचे पालक माझ्याकडे येत असतात. त्यांना जे सांगतो ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, या हेतूने हा धागा काढत आहे.

आपल्या पेशीच्या केंद्रकातील डीएनए आई आणि वडील या दोघांकडून येतो आणि दर पिढीला त्याची सरमिसळ होते. मायटोकॉन्ड्रिया हे पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक केंद्रकाबाहेर असतात आणि त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. तो वर्तुळाकार असतो, त्यात केवळ १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके असतात आणि तो आईच्या बीजांडातून मुलांकडे येतो. वडिलांच्या शुक्रपेशीतील मायटोकॉन्ड्रिया फलनानंतर नष्ट केले जातात. त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही हा डीएनए आईचाच मिळतो, मात्र तो पुढच्या पिढीला फक्त मुलगी देऊ शकते. आई, आईची आई, तिची आई अशी ही एकच रेषा मागे जाते. वाय गुणसूत्राची रेषा अशीच बापाकडून मुलाकडे जाते.

केंब्रिजमध्ये १९८१ साली या डीएनएचा संपूर्ण अक्षरक्रम प्रथम वाचला गेला. पुढे १९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी निरनिराळ्या खंडांतील १४७ व्यक्तींचे नमुने तपासून दाखवले, की आज जिवंत असलेल्या सर्व माणसांच्या मातृरेषा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहणाऱ्या एका स्त्रीपाशी येऊन मिळतात. ती त्या काळची एकमेव स्त्री मुळीच नव्हती. इतर स्त्रियांच्या रेषा कुठे ना कुठे मुलीविना खुंटल्या, तिची तेवढी अखंड राहिली, इतकाच याचा अर्थ आहे.

दोन लोकसमूह एकत्र आले तेव्हा स्त्रिया कोणत्या बाजूच्या होत्या आणि पुरुष कोणत्या बाजूचे, हे मातृरेषा आणि पितृरेषा शेजारी ठेवल्या की दिसते. कोलंबियातील अँटिओक्विया प्रांताचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. तेथील पुरुषांची वाय गुणसूत्रे सुमारे ९४ टक्के युरोपीय निघाली आणि मातृरेषा सुमारे ९० टक्के तेथल्या मूळनिवासी स्त्रियांच्या निघाल्या. विजेत्यांच्या दप्तरांत ज्या स्त्रियांची नावेसुद्धा नाहीत, त्यांची साक्ष आज त्यांच्या वंशजांच्या शरीरात सापडते. आपल्या जवळचे उदाहरण गुजरातेतील संजाणचे आहे. तेथील जुन्या दख्म्यात (पारशी लोक मृतदेह ठेवतात त्या जागेत) मिळालेल्या पारशी अवशेषांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४८ टक्के मातृरेषा खास दक्षिण आशियातील होत्या. इराणहून आलेल्या लोकांनी वसाहतीच्या आरंभीच स्थानिक स्त्रियांना आपल्यात सामावून घेतले असावे, असे संशोधकांनी त्यावरून म्हटले आहे.

आता या साधनाची मर्यादा. या डीएनएमध्ये बदल फार हळू साचतात. संपूर्ण अक्षरक्रम धरला, तरी एका रेषेत सरासरी साडेतीन हजार वर्षांच्या आसपास एक बदल होतो. म्हणूनच हजारो वर्षे वेगळे राहिलेले समूह यातून स्पष्ट ओळखू येतात, पण काही शतकांपूर्वी वेगळ्या झालेल्या शेजाऱ्यांत कोणताही फरक दिसत नाही. सारखे बदल असलेल्या मातृरेषांचा एक गट मानतात आणि त्याला अक्षराचे नाव देतात. आफ्रिकेतील 'एल' गट आणि भारतातील 'एम' गट यांतले अंतर हा डीएनए निःसंदिग्धपणे सांगेल. निपाणी आणि गोकाक यांतले अंतर तो सांगू शकणार नाही. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक अहवालांचा चुकीचा अर्थ ही एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे लावला जातो.

निपाणीकर

धागा अत्यंत आवश्यक होता. दोन शंका विचारतो. माझ्या चुलतभावाच्या अहवालात 'यू२बी' असा मातृगट आला आहे. हरियाणातील राखीगढी येथे सापडलेल्या स्त्रीचा गटही तोच असल्याचे त्याने कुठेतरी वाचले आणि आता आमचे घराणे हडप्पा संस्कृतीचे वंशज असल्याचे तो सर्वांना सांगत आहे. दुसरी शंका आपल्या भागाची आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आणि १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालापासून येथे भाषेचा प्रश्न धगधगता आहे. एखाद्या गावातील लोक मूळचे मराठी की कानडी, हे डीएनए तपासून ठरवता येईल, असे काही तरुण मंडळी गांभीर्याने म्हणू लागली आहेत. त्यात काही तथ्य आहे काय?

वेणुग्राम

निपाणीकर, राखीगढीच्या त्या स्त्रीचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यात अग्रभागी होते. तिचा मातृगट 'यू२बी२' निघाला, हे खरे आहे. परंतु हा गट हडप्पा नगरांपेक्षा कितीतरी जुना आहे आणि उपखंडात दूरवर पसरलेला आहे. आपल्या चुलतभावाची आणि त्या स्त्रीची रेषा कुठेतरी एकत्र येते, एवढेच यातून सिद्ध होते. ती जोडणी हडप्पा संस्कृती उदयास येण्यापूर्वीही झालेली असू शकते. त्याची रेषा त्या स्त्रीच्या जवळच्या नात्यातून आलेली असेल, अथवा त्याच वेळी कोकणात किंवा दख्खनेत राहणाऱ्या एखाद्या बाईपासूनही आलेली असेल. अहवालात या दोन शक्यता वेगळ्या करण्याची सोय नसते.

भाषेविषयी माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. मुंडा गटातील भाषा बोलणाऱ्या आदिवासींचा दाखला पाहावा. त्यांच्या वाय गुणसूत्रांतील मोठा भाग आग्नेय आशियाशी नाते सांगतो, मातृरेषा मात्र जवळपास सर्व भारतीय आहेत. म्हणजे बाहेरून आलेल्या पुरुषांबरोबर भाषा आली, इथल्या स्त्रियांनी ती स्वीकारली आणि मुलांना शिकवली. हंगेरीचे लोक उरल पर्वतापलीकडच्या भाषांशी नाते असलेली भाषा बोलतात, पण रक्ताने ते त्यांच्या शेजाऱ्यांसारखेच आहेत. भाषा आईच्या मांडीवर शिकली जाते आणि एका पिढीत बदलू शकते. डीएनएचा त्या बदलाशी संबंध नाही.

आपल्या भागात तर मातृरेषा भाषेच्या सीमेला जुमानणारच नाहीत, कारण लग्नानंतर मुलगी सासरी जाते. चिकोडीची मुलगी गडहिंग्लजला, चंदगडची खानापूरला, हुक्केरीची कोल्हापूरला, अशा सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. पुरुष शेताजवळ राहतो आणि स्त्री गाव बदलते. त्यामुळे एका गावात पितृरेषा थोड्या व एकमेकींसारख्या असतात आणि मातृरेषा दूरदूरच्या व विविध असतात. थायलंडच्या डोंगराळ भागातील जमातींत हे पडताळून पाहिले गेले आहे. नवरी सासरी जाते तिथे मातृरेषांचे वैविध्य जास्त, नवरा सासुरवाडीला राहायला जातो तिथे पितृरेषांचे वैविध्य जास्त, असे २००१ सालच्या त्या अभ्यासात आढळले. सीमाभागातील कोणत्याही गावाच्या मातृरेषा काढल्या, तर शंभर मैलांच्या परिघातील माहेरे त्यात मिसळलेली असणार, असे मी खात्रीने म्हणेन.

हलशी

सोयरिकीचा मुद्दा वाचून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आपल्याकडे वंशावळ सांगणारे हेळवी पूर्वी बैलावर बसून सुगीनंतर गावात येत आणि काही घरी अजूनही येतात. आमच्या घरी आलेल्या हेळव्याने पडवीत घोंगडे अंथरून वही उघडली, मूळ पुरुष कोणत्या गावाहून आला तेथपासून आरंभ केला आणि एका दमात दहा-बारा पिढ्यांचे पुरुष सांगितले. कोणाला किती पुत्र झाले, कोण निपुत्रिक वारला, कोणी कोणते शेत घेतले, हे सारे त्यात होते. मी बायकांची नावे विचारली. तेव्हा दोन-तीन ठिकाणी 'अमक्या गावची' एवढाच उल्लेख निघाला. लेकींची नोंद तर त्या वहीत जवळजवळ नव्हतीच. त्याने ज्या नियमाने वंशावळ राखली, तो नियमच पुरुषाचा आहे, त्यामुळे त्याला बोल लावता येणार नाही.

म्हणूनच मातृवंशाचा डीएनए मला मोलाचा वाटतो. आमच्या घराण्यात ज्या स्त्रिया आल्या, त्यांच्याविषयी कागदावर काही नाही, मोडी दफ्तरात नाही, हेळव्याच्या वहीत नाही. घराण्याचे अर्धे रक्त त्यांचे असूनही त्यांचा इतिहास लिहिला गेला नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाण्याची आमच्या घरातील रीत कोणत्या तरी पणजीने माहेराहून आणली, एवढीच काय ती आठवण आहे आणि तीही आता आजीबरोबर जाईल.

भीमगड

वेणुग्राम यांनी आफ्रिका आणि भारत यांतील अंतर मातृरेषा स्पष्ट सांगते, असे लिहिले आहे. त्याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे, म्हणून आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाविषयी सविस्तर लिहितो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा आणि अंकोला या तालुक्यांत, धारवाडमधील कलघटगीच्या बाजूला आणि आपल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. घरात ते कोंकणीच्या जवळची, मराठी आणि कानडी शब्द सामावून घेणारी बोली बोलतात. उत्तर कन्नडातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि पुढे बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींनाही तो लागू झाला.

त्यांचे पूर्वज येथे एकाच वाटेने आले नाहीत. पोर्तुगिजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गोव्यात आणलेले गुलाम आणि त्यांच्यापैकी घाट चढून जंगलात पळून आलेले लोक, ही एक वाट. दख्खनेतील सुलतानांच्या सैन्यात शिरलेले हबशी, ही दुसरी. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबर आणि विजापूरच्या आदिलशाहीत इखलास खान राज्यकारभाराच्या शिखरावर पोहोचले होते आणि बेळगाव त्याच आदिलशाहीत होते. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी कागद मागे ठेवले नाहीत. आफ्रिकेत ते कोणत्या भागातले, कोणत्या भाषेचे, याची स्मृतीही बऱ्याच अंशी पुसली गेली.

कर्नाटक आणि गुजरातमधील सिद्दींचा जनुकीय अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांचा त्यात प्रमुख वाटा होता. मातृरेषा आणि वाय गुणसूत्र या दोन्हींवरून त्यांचे नाते सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बांटू भाषिक लोकांशी जुळले. केंद्रकातील लाखो खुणा तपासल्यावर आफ्रिकी वंशाबरोबर भारतीय आणि कदाचित पोर्तुगीज वंशाचाही अंश आढळला. स्थानिक लोकांशी झालेले मिश्रण साधारण आठ पिढ्यांमधले, म्हणजे सुमारे २०० वर्षांतले, असल्याचा अंदाज त्यांनी मांडला. ज्यांचा इतिहास त्यांच्याकडून हिरावून घेतला गेला, त्यांना त्यांच्या आजीच्या आजीचा मुलूख सांगता येणे, ही मला विज्ञानाने केलेली मोठी भरपाई वाटते.

त्याचबरोबर त्याच अभ्यासातून मातृरेषेची मर्यादाही उघड होते. समजा, एखाद्या सिद्दी कुटुंबात आईच्या बाजूची सरळ रेषा आफ्रिकी आहे, पण आजोबा, पणजोबा आणि आणखी काही पूर्वज येथलेच होते. मायटोकॉन्ड्रियाच्या अहवालात त्या सर्वांचा मागमूसही लागणार नाही. मिश्रण झाले की नाही, हे मातृरेषेवरून कळू शकते, पण एका व्यक्तीत ते किती, हे तिच्यावरून मोजता येत नाही. त्यासाठी केंद्रकातील डीएनएच पाहावा लागतो.

घटप्रभाकाठ

मी कान, नाक आणि घसा या विभागात काम करतो. चर्चेत आरोग्याची बाजू आलेली नाही, म्हणून लिहितो. मातृरेषेतून वंशाबरोबर काही विकारही येतात. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधील १५५५ क्रमांकाच्या जागी एक विशिष्ट बदल असेल, तर जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन यांसारख्या औषधांनी त्या व्यक्तीची श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते. अनेकदा रुग्ण सांगतात, की मामाला लहानपणी इंजेक्शन दिल्यावर ऐकू येईनासे झाले, मावशीलाही तसेच झाले. मामा, मावशी आणि आपण स्वतः एकाच मातृरेषेवर असतो, म्हणून अशी आठवण असल्यास ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. वंशाचा शोध घेणाऱ्या स्वस्त चाचण्यांत हा बदल पाहिला जाईलच असे नाही. तेवढ्यावर विसंबून राहू नये.

दुसरी गोष्ट मनापासून सांगतो. अशा अहवालांचा उपयोग जातीची शुद्धता दाखवण्यासाठी होऊ लागला, तर तो विज्ञानावर अन्याय आहे. २०१३ साली भारतातील ७३ समूहांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपखंडातील जवळजवळ सर्व समूह सुमारे १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीच्या काळात झालेल्या मिश्रणातून आलेले आहेत आणि आपापल्या गटातच लग्न करण्याची चाल त्यानंतर घट्ट झाली. इरावती कर्वे आणि त्यांचे सहकारी मल्होत्रा यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९६८ साली, महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची शारीरिक मोजमापे आणि रक्तगट तुलनेला घेतले होते. एकाच नावाखाली मोडणारे ते गट परस्परांपासून बरेच भिन्न निघाले. जे स्वतःला एक समजतात ते इतके वेगळे आणि जे स्वतःला वेगळे समजतात ते इतके मिसळलेले, असे असताना मातृगटाच्या एका अक्षरावरून कोणी कोणाला कमी लेखू नये, एवढीच विनंती आहे.

जांबोटी

इथली चर्चा वाचून धीर आला, म्हणून आमच्या घरातील प्रश्न मांडते. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, हल्याळकडच्या जंगलातील एका वाडीवरची होती. ती सिद्दी घरातली होती, असे वाडीतील वयस्कर माणसे हळू आवाजात सांगत. आमच्या घरात मात्र तो विषय कधी काढला गेला नाही. तिच्या माहेरच्या माणसांशी येणेजाणे तुटले, तिचा एकही फोटो भिंतीवर लावला गेला नाही आणि तिचे माहेरचे नावही मला वयात आल्यावर आत्याकडून कळले. तिच्या बाबतीत जे झाले, त्याची मला लाज वाटते आणि तिचे मूळ अभिमानाने सांगता यावे, असे वाटते. वडील आता हयात नाहीत. मी माझा नमुना तपासला, तर आजीचा मातृवंश कळेल काय?

वेणुग्राम

जांबोटी, आपण हे मोकळेपणाने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही नेमके देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या शरीरातील मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आपल्या आईकडून, म्हणजे आपल्या आजोळच्या आजीकडून आलेला आहे. वडिलांच्या आईची मातृरेषा आपल्या वडिलांकडे होती, पण पुरुष असल्याने त्यांच्याबरोबर ती थांबली. ती आपल्या आत्याकडे आहे, आत्याच्या सर्व मुलामुलींकडे आहे आणि आजीला बहिणी असतील, तर त्यांच्या मुलींच्या वंशातही आहे. तेव्हा मातृरेषेसाठी नमुना आत्याचा किंवा आतेभावंडांपैकी एकाचा घ्यावा लागेल. काका असतील, तर त्यांचाही चालेल.

तो नमुना 'एल' गटाचा निघाला, तर आजीची सरळ मातृरेषा आफ्रिकेत पोहोचते, याविषयी फारशी शंका उरणार नाही. येथील जुन्या रहिवाशांत तो गट सहसा आढळत नाही. परंतु तो 'एम' किंवा 'यू' यांसारख्या भारतीय गटाचा निघाला, तर आजी सिद्दी नव्हती, असे कृपया समजू नये. आजीचे वडील सिद्दी आणि आई स्थानिक असेल, किंवा त्याही मागे कुठे एखादी स्थानिक स्त्री त्या रेषेवर असेल, तरीही नेमके असेच उत्तर येईल. भीमगड यांनी सांगितलेले आठ पिढ्यांचे मिश्रण लक्षात घेता ही शक्यता लहान नाही.

आपल्या स्वतःच्या नमुन्याचाही मोठा उपयोग आहे, मात्र तो केंद्रकाच्या डीएनएसाठी. वडिलांच्या आईकडून आपल्याला सरासरी एक चतुर्थांश वारसा मिळालेला असतो. आजी सिद्दी असेल, तर आपल्या अहवालात आफ्रिकी अंश स्पष्ट दिसायला हवा, कारण आफ्रिकी आणि भारतीय खुणांत फरक पुरेसा मोठा आहे. याखेरीज आपण स्त्री असल्याने आणखी एक वाट खुली आहे. पुरुषाला एक्स गुणसूत्र एकच असते आणि ते त्याला आईकडून मिळते. वडील तेच गुणसूत्र न मिसळता मुलीला देतात. म्हणजे आपल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्णतः आपल्या या आजीकडून आलेले आहे. आपल्या भावाकडे ते नाही. त्या एका गुणसूत्रावर जे आफ्रिकी पट्टे सापडतील, ते आजीचेच असतील. चाचणी निवडताना एक्स गुणसूत्राचा तपशील मिळतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

निपाणीकर

एक शंका राहिली. वडिलांकडूनही मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए येऊ शकतो, असे काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत आले होते. मग ही सारी मांडणी डळमळीत होत नाही काय?

वेणुग्राम

तो दावा २०१८ साली तीन कुटुंबांतील काही व्यक्तींवरून केला गेला होता. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे पूर्वीच कधीतरी केंद्रकात जाऊन बसलेले असतात आणि ते वडिलांकडून येऊ शकतात. नंतरच्या कामातून त्या निष्कर्षांचे असे स्पष्टीकरण पुढे आले. वंशशोधाच्या व्यवहारात मातृरेषेचा नियम कायम आहे.

सौंदत्ती रस्ता

मी थोडेच लिहिते. या भागात देवीला सोडलेल्या स्त्रियांची मुले आईच्याच घरी, आईच्याच नावाने वाढली. कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने त्या प्रथेवर बंदी आली, पण शाळेच्या अर्जावरील वडिलांच्या नावाचा रकाना त्या मुलांना पुढेही अनेक वर्षे टोचत राहिला. आमच्यासारख्या घरांत आजी, आई, मावशी हीच वंशावळ होती आणि ती आम्हाला तोंडपाठ आहे. माझी कळकळीची विनंती आहे, की डीएनएच्या नावाने कोणी आमच्या मुलांना 'तुमचा बाप कोण' हे विचारायला येऊ नये. ज्याला स्वतःहून शोध घ्यायचा आहे, त्याने तो जरूर घ्यावा.

भीमगड

सौंदत्ती रस्ता यांच्या म्हणण्याला पूर्ण पाठिंबा. संशोधनासाठी नमुने घेताना व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घेणे देशातील वैद्यकीय संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंधनकारक आहे. खानापूरच्या जंगलपट्टीत याचा अर्थ कानडी आणि मराठीबरोबर त्यांच्या बोलीतही समजावून सांगणे असा घ्यायला हवा. नमुना देणाऱ्याला निष्कर्ष परत येऊन सांगणे हेही माझ्या मते त्याच कर्तव्यात मोडते, कारण अनेक ठिकाणी रक्त घेऊन गेलेली माणसे पुन्हा त्या वाडीवर फिरकलेली नाहीत. घरगुती चाचणीतही हेच तत्त्व पाळावे. आत्याचा अहवाल हा तिच्या मुलांचा, नातवंडांचा आणि तुटलेल्या माहेराचाही अहवाल असतो. कोणत्या संकेतस्थळावर तो ठेवायचा, नातेवाईक जुळवण्याची सोय चालू ठेवायची की बंद, हे आधी बसून ठरवावे.

हलशी

जांबोटी यांना एक सुचवतो. नमुना पाठवण्यापूर्वी आत्याजवळ बसून त्यांना आठवेल ते सारे लिहून घ्यावे. आजीच्या आईचे नाव, तिची वाडी, लग्नात माहेरकडून कोण आले होते, घरात कोणत्या देवाचे काय केले जात असे, बाळंतपणात कोणती गाणी म्हटली जात. जनुकांवरून मुलूख कळेल, माणसे मात्र या आठवणींतूनच सापडतील. हेळव्याच्या वहीत जे नाही, ते आत्याला ठाऊक असण्याची शक्यता मोठी आहे.

जांबोटी

सर्वांची मी ऋणी आहे. आत्याशी आणि आतेबहिणीशी बोलणे झाले. आत्या नमुना द्यायला तयार आहे. अहवाल आधी तिला वाचून दाखवावा आणि तिने सांगितल्याशिवाय तो घरातील कोणत्याही गटावर टाकू नये, अशी तिची अट आहे आणि मी ती मान्य केली आहे. एक्स गुणसूत्राच्या तपशिलासाठी माझा नमुना स्वतंत्रपणे पाठवणार आहे. आजीच्या धाकट्या बहिणीच्या लेकी अजून यल्लापूरच्या बाजूला असल्याचे आत्याने काल प्रथमच सांगितले. चाचणीचे उत्तर काहीही येवो, दिवाळीनंतर आत्याला घेऊन त्यांच्याकडे जायचे ठरले आहे. तिकडच्या सिद्दी वस्त्यांची माहिती असलेल्या कोणी येथे असल्यास, कोणत्या वाडीपासून विचारपूस सुरू करावी, ते कृपया कळवावे.